लोक हसले कोणाला?

तुझं पत्र दोनदा वाचलं. प्रश्न एकच विचारला आहेस, पण त्याच्या पोटात दुसरा आहे, आणि तुझी झोप त्या दुसऱ्यानं उडवली असावी.

हकिगत थोडक्यात अशी. तू अहिराणीत एक कथा लिहिलीस. तिच्यात भागाबाई नावाची म्हातारी आहे. उन्हाळ्यात पापडांसारखे वाळत घातलेले बिबडे ती मोजून ठेवते आणि चिमणीनं पळवलेल्या एका बिबड्याचा हिशोब शेजारणीकडे मागते. गणपतीत गावातल्या मंडपात तू ही कथा वाचलीस. लोक पोट धरून हसले. तुझी काकू मात्र मधूनच उठून गेली, कारण ‘ही मीच’ असं तिला वाटलं. तू समजूत घालायला गेलास आणि म्हणालास, ‘काकू, भागाबाई नावाचं कोणी अस्तित्वातच नाही.’ त्यावर काकू म्हणाली, ‘नही शे म्हने! मंग लोके कोनले हासनात?’ तू गप्प बसलास, आणि आता मला विचारतोस की कथेतली पात्रं अस्तित्वात असतात का, एका शब्दात सांगा.

एका शब्दात हवं असेल तर ‘हो’. पण हा शब्द तसाच काकूपाशी नेलास तर ती तुला दारात उभं करणार नाही. त्यामुळे पुढचंही वाच.

एकतीस वर्षं जळगाव जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात मी तर्कशास्त्र शिकवलं. दरवर्षी हा प्रश्न कोणी ना कोणी विचारायचं, आणि विचारणाऱ्याला खात्री असायची की उत्तर ‘नाही’च आहे, बाई उगाच घोळ घालताहेत. काकूइतका नेमका आक्षेप वर्गात क्वचितच आला. हसायला कोणीतरी लागतं. ‘लोक हसले’ म्हटलं की ‘कोणाला’ हे आलंच. भीती वाटली तर कशाची तरी वाटते, विचार केला तर कशाचा तरी होतो. ऑस्ट्रियातल्या ग्राझ इथे शिकवणाऱ्या अलेक्सियस माइनाँग या तत्त्वज्ञानं 1904 साली नेमकं हेच धरलं. सोन्याचा डोंगर मनात आणला तर मनासमोर काहीतरी आहे, ते सोन्याचं आहे, डोंगर आहे. फक्त ते अस्तित्वात नाही. एखादी वस्तू कशी आहे आणि ती आहे का, हे दोन हिशोब वेगळे ठेवा, असं त्यांचं म्हणणं. काकू माइनाँगवादी आहे, तिला फक्त ते माहीत नाही.

पण या वाटेनं गेलं की थांबायचं कुठे कळत नाही. सोन्याचा डोंगर आत घेतला की गोल चौकोनही दारात येऊन उभा राहतो, त्याच्या मागून सशाचं शिंग येतं, आणि बघता बघता नसलेल्या वस्तूंनी घर भरून जातं. इंग्रज तत्त्वज्ञ बर्ट्रांड रसेलना हे सहन झालं नाही. 1905 साली त्यांनी आपला गाजलेला निबंध लिहिला. ‘फ्रान्सचा सध्याचा राजा टकला आहे’ हे त्यातलं प्रसिद्ध वाक्य. फ्रान्सला राजा नाही, मग हे वाक्य कोणाबद्दल? रसेल म्हणाले, कोणाबद्दलही नाही. वाक्य उकलून वाचा: ‘फ्रान्सचा सध्या राजा असलेला असा एक आणि एकच माणूस आहे, आणि तो टकला आहे.’ यातला पहिलाच भाग खोटा, म्हणून सगळं वाक्य खोटं. नसलेल्या राजाला कुठेही जागा द्यावी लागत नाही.

हे फार देखणं काम आहे. तरुण असताना मी त्याच्या प्रेमात होते, फळ्यावर उकल करून दाखवताना हात थरथरायचा. पण वर्गात ते टिकलं नाही. ‘भागाबाई बिबडे मोजते’ हे रसेलच्या हिशोबानं खोटं. ‘भागाबाई विमान चालवते’ हेही खोटं, आणि तितकंच खोटं. मग तुझ्या कथेवर पेपर काढला तर पहिलं उत्तर लिहिणाऱ्या पोराला गुण द्यायचे आणि दुसऱ्याला भोपळा, हे कशाच्या आधारावर?

यावर एक डागडुजी आहे. वाक्याच्या आधी मनात ‘कथेनुसार’ धरायचं. कथेनुसार भागाबाई बिबडे मोजते हे खरं, आणि कथेनुसार ती विमान चालवते हे खोटं. अमेरिकन तत्त्वज्ञ डेव्हिड लुइस यांनी 1978 साली हे नीट मांडलं. कथेत लिहिलेलं नसतं तेही आपण कसं भरून घेतो, याचाही विचार त्यांनी केला. भागाबाईला दोन मूत्रपिंडं आहेत असं तू कुठेही लिहिलेलं नाहीस, पण आपण धरून चालतो. ती जळगाव जिल्ह्यातल्या चोपड्याकडची आहे, म्हणजे तिला कळण्याची भाकरी माहीत असणारच. पुण्याचा वाचक मात्र हे भरून घेणार नाही. म्हणजे ‘कथेनुसार काय खरं’ हे थोडंफार ऐकणाऱ्याच्या गावावरही अवलंबून राहतं. लुइसनी ही अडचण ओळखली होती. पुरती सोडवली असं मला वाटत नाही.

‘कथेनुसार’ लावून निम्मा प्रश्न मिटतो. उरलेला निम्मा कसा मिटत नाही, हे आपल्याच भागातल्या एका माणसावरून सांगते.

भालचंद्र नेमाड्यांची ‘कोसला’ 1963 साली आली. तिचा नायक पांडुरंग सांगवीकर. पांडुरंगाचं वय किती? पुस्तक उघड, पहिल्याच पानावर तो पंचवीस वर्षांचा असल्याचं सांगतो. हे झालं एक उत्तर. दुसरं असं की तो 1963 साली वाचकांसमोर आला, म्हणजे आता साठी ओलांडून गेला. दोन्ही उत्तरं बरोबर आहेत. पण कुठल्याही माणसाला दोन वयं नसतात.

म्हणजे एका नावाखाली दोन प्रकारची वाक्यं राहतात. ‘पांडुरंगाची बहीण मनी लहानपणीच गेली’, ‘पांडुरंग पुण्याला शिकायला गेला’ ही गोष्टीतली वाक्यं. त्यांच्या आधी ‘कथेनुसार’ बसतं. ‘पांडुरंग नेमाड्यांनी निर्माण केला’, ‘पांडुरंगानं पुढच्या पिढीतल्या कित्येक नायकांवर सावली टाकली’ ही गोष्टीवरची वाक्यं. त्यांना ‘कथेनुसार’ लावून बघ. कथेनुसार पांडुरंग कोणा लेखकानं निर्माण केलेला नाही, त्याला आई-वडील आहेत. वाक्य सरळ खोटं होतं. आणि तरीही ‘पांडुरंग नेमाड्यांनी निर्माण केला’ हे खरं आहे, यावर कोणीही पैज लावेल. मग ते कोणाबद्दल खरं आहे? इथे रसेलची उकलही चालत नाही आणि लुइसचं ‘कथेनुसार’ही. इथे एखादी वस्तू लागतेच. पीटर व्हॅन इनवॅगन या अमेरिकन तत्त्वज्ञानं 1977 साली जवळपास याच रस्त्यानं जाऊन म्हटलं की कादंबऱ्यांवर आपण जे खरं-खुरं बोलतो ते खरं धरायचं असेल, तर पात्रं आहेत असंही धरावं लागेल.

एकदा तिसऱ्या वर्षाची चौदा पोरं घेऊन मी एसटीनं यावल तालुक्यातल्या सांगवीला गेले होते. नेमाड्यांचं गाव. सहल वाङ्मय मंडळाची होती, मी तर्कशास्त्राची असूनही घुसले होते. पोरांना खोडी सुचली. पारावर बसलेल्या एका आजोबांना त्यांनी विचारलं, ‘बाबा, पांडुरंगाचं घर कुठलं?’ आजोबांनी शांतपणे विचारलं, ‘कोणता पांडुरंग? आमच्या गल्लीतच चार आहेत.’ पोरं हसली. परतीच्या प्रवासात मी त्यांना विचारलं, त्या चौघांतला एखादा खरंच पुण्याला शिकायला जाऊन, नापास होऊन, बहिणीचं दुःख घेऊन गावी परतला असेल, एकूण एक तपशील जुळत असेल, तर तो आपला पांडुरंग ठरेल का? बस भुसावळला पोचेपर्यंत वाद चालला. बहुतेकांचं मत ‘नाही’ असं पडलं. कारण एकीनं अचूक सांगितलं: नेमाडे त्याच्याविषयी लिहीत नव्हते, जुळलं तो योगायोग. अमेरिकन तत्त्वज्ञ सॉल क्रिप्की यांनी 1970 सालच्या व्याख्यानांच्या छापील आवृत्तीत शेरलॉक होम्सबद्दल हेच म्हटलं आहे. वर्णनाला चिकटणारा माणूस सापडला म्हणून तो होम्स होत नाही. नाव वर्णनाला बांधलेलं नसतं, जिथून निघालं तिथे बांधलेलं असतं.

त्या आजोबांचा ‘कोणता?’ हा प्रश्न मी नंतर कित्येक वर्षं वर्गात वापरला.

मग ही वस्तू कोणत्या जातीची? माझं मत अमेरिकन तत्त्वज्ञ एमी थॉमसन यांच्या 1999 सालच्या मांडणीच्या जवळ आहे, पण मला ते बहिणाबाईंच्या गाण्यांवरून आधीच पटलेलं होतं. बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं. 1951 साली त्या गेल्या आणि 1952 साली त्यांची गाणी पुस्तक होऊन आली. आता सांग, 1940 साली ते गाणं कुठे होतं? आसोद्याच्या शेतात शोधलं असतं तर सापडलं नसतं. कागदावर नव्हतंच. तरी गाणं होतं. कोणीतरी रचलेलं, म्हणजे त्याला आरंभ होता. आणि ऐकणारी माणसं गेली असती, कोणी लिहून घेतलं नसतं, तर ते संपलं असतं. दगडासारखं स्वतःच्या बळावर उभं नाही, आणि निव्वळ मनाचा खेळही नाही, कारण चुकीचं म्हटलं तर दुसरी बाई दुरुस्त करते. ग्रामपंचायतीचा ठराव, सोयरिकीत दिलेला शब्द, घरोघरची वरण-बट्टीची रीत, सगळं याच कुळातलं. माणसांनी केलेल्या, माणसांच्या आधारानं टिकणाऱ्या, हात लावता न येणाऱ्या गोष्टी. पात्र हीसुद्धा अशीच एक गोष्ट. मराठीनं वस्तूला आणि कथेला दोन्हीला ‘गोष्ट’ म्हटलं, त्यामुळे आपल्याला हे समजायला तसं सोपं जायला हवं.

‘आहे’ या शब्दाशीही मराठी माणसानं थोडं थांबावं. ‘घरात भूत आहे का’ आणि ‘भूत असतं का’ हे प्रश्न आपण कधी गल्लत न करता वेगळे विचारतो. पण ‘भागाबाई कंजूष आहे’ आणि ‘भागाबाई आहे’ इथे तोच ‘आहे’ दोन कामं करतो, आणि तुमच्या अहिराणीतला ‘शे’ही तसाच. पहिल्या ‘शे’नं गुण चिकटवला, दुसऱ्यानं हजेरी लावली. काकूशी वाद झाला तेव्हा तू हजेरीचा ‘शे’ बोलत होतास आणि काकू गुणाचा.

या वादाला युरोपात पहिल्यांदा तोंड फुटलं असं मात्र समजू नकोस. अमळनेरला श्रीमंत प्रताप शेठ यांनी 1916 साली तत्त्वज्ञान मंदिर सुरू केलं. कृष्णचंद्र भट्टाचार्यांसारखा तत्त्वज्ञ तिथे राहून गेला. आपल्या खानदेशात कापूस-केळीइतकंच ‘असणं म्हणजे काय’ यावरही काम झालंय, हे आजच्या पोरांना सांगावं लागतं याचं मला वाईट वाटतं. आणि ज्या परंपरेवर तिथे चर्चा व्हायची तिच्यात हा प्रश्न हजार वर्षं तरी जुना आहे. जुना श्लोक आहे: मृगजळात न्हालेला, आकाशफुलांचा तुरा खोवलेला, सशाच्या शिंगाचं धनुष्य घेतलेला हा वांझेचा मुलगा चालला आहे. एकही वस्तू नाही, आणि तरी चित्र डोळ्यांसमोर उभं राहतं. मीमांसक कुमारिल भट्ट म्हणतात, अत्यंत असत् म्हणजे मुळीच नसलेल्या गोष्टीचंही ज्ञान शब्द करून देतो. नैयायिकांनी, म्हणजे आपल्याकडच्या जुन्या तर्कशास्त्राच्या पंडितांनी, ‘शशशृंग नाही’ हे वाक्य ‘सशाला शिंग नाही’ असं फोडलं. ससा आहे, शिंग गाईला आहे, नाही तो फक्त दोघांचा संबंध. रसेलची उकल वाचली की न्यायशास्त्राच्या विद्यार्थ्याला ओळखीचं काहीतरी भेटल्यासारखं वाटतं ते यामुळे.

मला स्वतःला सगळ्यांत जवळचा वाटतो तो भर्तृहरी. तो वैयाकरण, त्यामुळे बोलण्यापासून सुरुवात करतो. ‘अंकुर उगवतो’ म्हणताना काय उगवतं? अंकुर आधीच असेल तर उगवायचं काय राहिलं, आणि नसेल तर उगवण्याचं काम कोण करतं? शेतकऱ्याला ही अडचण कधी आली नाही, पण वाक्याला आहे. भर्तृहरीचं उत्तर असं की शब्दाला बाहेरच्या असण्याची वाट पाहावी लागत नाही. बोलण्यापुरती एक सत्ता त्याला मिळते, तिला त्यानं उपचारसत्ता म्हटलं. बाहेर ती वस्तू असो, नसो. मी यात एवढीच भर घालेन की काही बाबतीत बोलण्यापुरती मिळालेली सत्ता पुढे बोलण्यापुरती राहत नाही. तो वांझेचा मुलगाच बघ. त्याला इतक्या पंडितांनी इतकी शतकं उदाहरणाला घेतलं की तो आता श्लोकातलं एक पक्कं पात्र झाला आहे. त्याच्यावर परीक्षेत टीप लिहायला येते. वांझेला मुलगा नाही तो नाहीच.

आता तुझा ‘लोक हसले’ हा भाग. हसू खरं, रडू खरं, मग ज्याच्यासाठी ते येतं ते खोटं कसं? तत्त्वज्ञ कॉलिन रॅडफर्ड यांनी 1975 साली हे कोडं टॉलस्टॉयच्या ॲना कॅरेनिना या नायिकेवरून घातलं. ती नाही हे ठाऊक असून आपण तिच्यासाठी हळहळतो, यात काहीतरी विसंगत आहे असं त्यांचं म्हणणं. माझे वडील कापूस विकून आले की तमाशाला जायचे, आणि हरिश्चंद्राचा वग असला की उपरण्याला डोळे पुसत परत यायचे. कॉलेजात गेल्यावर मला शिंगं फुटली होती. मी विचारलं, ‘दादा, खोटं असतं हे माहीत आहे ना?’ ते वैतागून म्हणाले, ‘खोटं असतं तर तिकीट काढलं असतं का?’

तेव्हा मला ते निरुत्तर होण्याचं लक्षण वाटलं. नंतर नाट्यशास्त्रावरच्या अभिनवगुप्ताच्या टीकेत श्रीशंकुक या त्याच्या आधीच्या पंडिताचं मत वाचताना दादा आठवले. शंकुक म्हणतो, नटाला राम म्हणून पाहताना होणारं ज्ञान खरंही नसतं, खोटंही नसतं, शंका नसते आणि ‘रामासारखा’ अशी तुलनाही नसते. चित्रातल्या घोड्याला आपण ‘हा घोडा’ म्हणतो, तसं ते असतं. फसलेलो नसतो, आणि खोटंही बोलत नसतो. अभिनवगुप्तानं शंकुकाला पुढे चांगलंच झोडलं आहे, पण हा घोडा काही मेला नाही. केंडल वॉल्टन या अमेरिकन तत्त्वज्ञाच्या 1990 सालच्या ग्रंथाचा गाभाही ‘असं मानून चालणं’ हाच आहे.

लहानपणी आम्ही गुलाबाई मांडायचो. मातीची गुलाबाई, शेजारी गुलोजी, संध्याकाळी घरोघर टिपऱ्या नि गाणी, आणि शेवटी खाऊ ओळखायचा. गाण्यातली सून सासरी जाचते, रुसते, माहेरी यायला निघते. आम्हाला तेव्हा सासर म्हणजे काय हे ठाऊक नव्हतं, तरी रुसलेल्या सुनेच्या बाजूनं आम्ही तावातावानं गायचो. ‘ही सून कोण?’ असं कोणी विचारलं नाही. कोणा एका लेखकानं ती केलेली नाही. गाणाऱ्या मुलींवर ती उभी आहे, आणि ज्या गल्लीत गुलाबाई बसायची बंद झाली तिथे ती बारीक होत चाललीय. (गुलाबाई स्वतः वेगळी. तिला घरातल्या बायका पार्वती मानतात, हात जोडतात. मी बोलतेय ती गाण्यातल्या सुनेबद्दल.)

तो कंस मुद्दाम घातला. नंदुरबारकडे दिवाळीच्या सुमाराला माणसं अस्तंब्याचा डोंगर चढतात, अश्वत्थाम्यासाठी. त्या माणसाला ‘अश्वत्थामा हे पात्र आहे’ असं सांगायला मी जाणार नाही. तो तसं मानतच नाही. तिथला प्रश्न श्रद्धेचा आणि इतिहासाचा आहे. कथेतलं पात्र तिथे सुरू होतं जिथे सांगणारा ‘विश्वास ठेवा’ म्हणत नाही. याच्या उलट बाजूला चूक असते. 1859 साली ल व्हेरिए या खगोलशास्त्रज्ञानं बुधाच्या कक्षेतला फरक समजावायला सूर्याजवळ एक ग्रह असावा असं मांडलं. त्याला व्हल्कन नाव मिळालं, लोकांनी दुर्बिणी लावून त्याचा शोध घेतला. 1915 साली आइन्स्टाइननी तो फरक ग्रहाशिवाय समजावून दिला. व्हल्कनची गरजच संपली. भागाबाईच्या बाबतीत असं काही होऊ शकत नाही. तू कधी म्हणालाच नव्हतास की ती चोपड्यात कुठे सापडेल.

माझ्या मताला सगळ्यांत मोठा धक्का इथेच बसतो, तो लपवत नाही. पात्रं आहेत असं म्हटलं, तर ‘भागाबाई नाही’ हे तुझं वाक्य खोटं व्हायला हवं. पण ते खरंच होतं, कोणीही मान डोलावली असती. माझं उत्तर: आपण ‘अमुक नाही’ म्हणतो तेव्हा काय नाही ते समोरच्याच्या मनातून घेतो. काकूच्या मनात ‘एक बाई’ होती. तू म्हणालास ती बाई नाही, आणि ते खरं. वर्गात ‘महाभारतात भागाबाई नाही’ म्हटलं तर तेही खरं. काहींना ही पळवाट वाटते, आणि त्या आक्षेपात दम आहे. तरी ‘पांडुरंग 1963 साली आला’ हे वाक्य टाकून देण्यापेक्षा मला ही किंमत परवडते.

शेरलॉक होम्सचं उदाहरण इथे हटकून दिलं जातं, म्हणून दोनच गोष्टी सांगते. होम्स राहतो त्या लंडनच्या बेकर स्ट्रीटवर 221 क्रमांकाचं घर, डॉयलनी त्याच्या कथा लिहिल्या तेव्हा, नव्हतंच. पुढे रस्त्याचे क्रमांक वाढले, त्या जागी आलेल्या गृहकर्ज देणाऱ्या संस्थेकडे होम्सच्या नावानं पत्रं येऊ लागली, आणि उत्तरं द्यायला संस्थेनं माणूस ठेवला. पगार खरा होता. आणि दुसरी: डॉक्टर वॉटसनची गोळीची जखम पहिल्या कादंबरीत खांद्याला आहे, दुसरीत पायाला. माणसाला हे जमत नाही. पात्राला जमतं, कारण पात्र लिहिण्यानं घडतं, आणि लिहिणाऱ्याला विसर पडतो.

आता पोटातला प्रश्न. भागाबाई काकू आहे का?

रोमान इनगार्डेन या पोलिश तत्त्वज्ञानं 1931 साली दाखवलं की पात्रात भोकं असतात. भागाबाईच्या डाव्या खांद्यावर तीळ आहे का? तू लिहिलं नाहीस. म्हणजे ‘आहे’ हेही खरं नाही आणि ‘नाही’ हेही खरं नाही, आणि तुला स्वतःलाही ते ठाऊक नाही, कारण ठाऊक होण्यासारखं तिथे काही नाहीच. काकूच्या खांद्यावर मात्र तीळ आहे किंवा नाही, कोणी पाहो न पाहो. काकू पुरती भरलेली आहे. भागाबाई तुझ्या पंधरा पानांपुरती आहे, मधे सगळी भगदाडं. बिबडे मोजणारी काकू पहाटे कोणासाठी उठते, कोणाच्या आजारपणात किती रात्री जागली, यातलं काहीही भागाबाईकडे नाही. म्हणून भागाबाई काकू नाही. हा युक्तिवाद पक्का आहे.

पण तो तुला सोडवत नाही. साने गुरुजी अमळनेरच्या शाळेत शिकवायचे. त्यांचंही नाव पांडुरंगच. त्यांनी 1933 साली नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहिलं. श्यामची आई आणि पांडुरंग सदाशिव साने यांची आई एकच का? काटेकोर उत्तर ‘नाही’: एक लिहिलेली, एक नांदलेली. पण पहिली दुसरीतूनच आली हे कोणी नाकारत नाही. पात्र हे माणूस नसलं तरी माणसावरून घेतलेलं असू शकतं, आणि घेतलं की देणं लागतं. गुरुजींनी घेतलं ते जपून घेतलं. तू घेतलंस ते मंडपात, माइकवर, ओळखीच्या शंभर माणसांसमोर, आणि हसण्यापुरतंच घेतलंस.

तेव्हा काकूच्या प्रश्नाचं उत्तर असं पडतं. लोक हसले ते कथेनुसार वागणाऱ्या भागाबाईला. ती आहे, तू केलेली आहे, वहीत पहिल्यांदा नाव लिहिलंस त्या दिवशी तिची सुरुवात झाली. (नाव आधी ‘गंगूबाई’ होतं म्हणतोस, मग बदललंस. चालतं. आधीचीच ती, फक्त नाव पालटलं.) पण मंडपातल्या काही जणांची नजर हसताना काकूकडे वळली असेल, तर तेवढ्या हसण्यापुरतं काकूचं म्हणणं बरोबर आहे, आणि तिथे तुला ना रसेल वाचवेल, ना मी. ‘ती अस्तित्वातच नाही’ हे पुन्हा म्हणू नकोस. ते खरं असूनही त्या जागी चुकीचं उत्तर आहे.

उन्हाळ्यात काकूच्या अंगणात बिबडे घालायला जा. मोजायला लागली तर मोजू दे. कथा छापायला देणार असशील तर आधी तिला वाचून दाखव, पूर्ण, ती उठून गेली त्याच्या पुढचा भागही, कारण तुझ्या पत्रावरून दिसतंय की शेवटी भागाबाई त्या शेजारणीलाच बिबड्यांची अर्धी पाटी देऊन टाकते, आणि काकूनं ते ऐकलेलंच नाही.

आणि चिमणीनं नेलेल्या बिबड्याचा हिशोब मागण्याचा प्रसंग तू कुठून आणलास, ते मला खरं-खरं कळव.